मशालीपर्यंत न पोचलेला गॅस

१

बाटलीताईने बेरीज तीनदा केली. मग उठून तोंडावर गार पाण्याचा हबका मारला आणि चौथ्यांदा केली. आकडा हट्टी होता, जागचा हलेना.

गॅस गायब होता. चिमूटभर नव्हे, चांगला पाचवा हिस्सा.

शहर जे जे मोरीत ओततं, ते सगळं शेवटी या सांडपाणी केंद्रात येतं. पाणी निवळून नदीला जातं आणि खाली बसलेला गाळ दोन मोठ्या बंद टाक्यांत शिरतो. टाक्यांच्या डोक्यावर गोल छत, म्हणून सगळे त्यांना घुमट म्हणतात. घुमटांच्या आत गाळ उबेत कुजतो, त्याचा बायोगॅस होतो आणि तो नळीने पुढे निघतो. त्यावर इंजिन चालतं, इंजिनामुळे केंद्राला वीज मिळते, आणि इंजिनाला नको झालेला गॅस कुंपणाजवळच्या उंच नळीच्या तोंडाशी जाळून टाकतात. ती मशाल. घुमटांच्या तोंडाशी एक मीटर, इंजिनापाशी एक, मशालीपाशी एक. पहिल्यातून जितका निघाला तितका पुढच्या दोघांत मिळून पोचायला हवा. एवढं साधं गणित. पण हिवाळा लागल्यापासून शंभर निघत होते आणि ऐंशीच पोचत होते.

बाटलीताई केंद्राच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ. सकाळी सकाळी हातात बाटल्या घेऊन नमुने गोळा करत फिरायची, म्हणून हे नाव पडलं. हिवाळ्याच्या तोंडाला वरून नवा नियम आला, की केंद्रातून हवा तापवणारं काय काय बाहेर पडतं त्याचा वर्षाचा हिशेब द्या. तेव्हापासून तिच्या बाटल्या वाढल्या होत्या. येणाऱ्या पाण्याची, जाणाऱ्या पाण्याची, गाळाची, गॅसच्या नळीत साचणाऱ्या पाण्याची. रटाळ काम होतं. आणि आज त्या रटाळ कामाच्या झुडपातून वाघ बाहेर आला होता.

ती जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरली आणि व्यवस्थापक साहेबांच्या खोलीत शिरली. दार वाजवायचंही भान राहिलं नाही.

"साहेब, सापडलं. गॅस गळतोय, नाहीतर कोणीतरी पळवतोय. घुमट आणि मशाल यांच्या मधेच कुठेतरी."

तिचे डोळे चमकत होते. शाळेत पहिला नंबर आल्यावर घरी धावत येणाऱ्या मुलीसारखी ती उभी होती. साहेबांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"घुमटांपासून मशालीपर्यंत नळ्यांची देखरेख कोण करतं?" त्यांनी विचारलं.

बाटलीताईने टेबलावरचा कागद मागे ओढला.

ती देखरेख मशालजी करायचे. केंद्र सुरू झालं त्या दिवसापासून मशाल विझू न देणारा माणूस. आणि मशालजी म्हणजे तिचे वडील.

२

आठवड्याभराने तपासनीस बाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, पायात रबरी बूट. एका हातात साबणाच्या फेसाची बादली आणि रंगाऱ्याचा ब्रश, दुसऱ्या हातात पिवळं यंत्र. हवेत मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला पेटणारा भाग, असला की ते यंत्र चिवचिवतं, म्हणून त्याला त्या चिमणी म्हणत. पहिल्या तासातच कामगारांनी बाईंचं नाव साबणबाई ठेवलं. त्यांच्या ते कानावर गेलं, तर म्हणाल्या, "मागच्या केंद्रात धोबीण म्हणत होते. बढती झाली म्हणायची."

साहेबांनी बाटलीताईला त्यांच्या दिमतीला दिलं होतं. बाईंनी तिला आधी एक प्रश्न विचारला. "गॅस गेला तर जाऊ दे की. एवढी धावाधाव कशाला? मला माहीत आहे, पण तुझ्या तोंडून ऐकू दे."

"जळाला असता तर काही नव्हतं," बाटलीताई म्हणाली. "लोकांनी खाल्लेल्या अन्नातलाच कार्बन तो, जळून हवेत परत गेला, केंद्राच्या माथी त्याचा दोष येत नाही. पण न जळता तसाच सुटला तर तो मिथेन. तो हवा तापवतो कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट. म्हणजे गळालेला प्रत्येक किलो हिशेबात अठ्ठावीस होऊन बसतो."

"शाबास. आता तुझ्या मनात काय आहे ते सांग. आकड्यातलं नको."

बाटलीताई हळूच म्हणाली, "नळ्या बाबांच्या ताब्यात आहेत. उद्या दुपारी तुमचा अहवाल जाणार. त्यात कारण सापडलं नाही तर साहेब बाबांना कामावरून काढणार, तसं त्यांनी सांगितलंय. आणि कामगार आत्ताच त्यांना चोर म्हणायला लागलेत. बाई, हे मीच उकरून काढलं. तेव्हापासून बाबा घरी माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात, उठतात आणि खिडकीपाशी बसून राहतात."

"हं," बाई म्हणाल्या आणि ब्रश फेसात बुडवला.

मग जे सुरू झालं ते पाहायला अर्धं केंद्र गोळा झालं. घुमटांच्या तोंडापासून मशालीपर्यंत नळीचा प्रत्येक जोड, प्रत्येक झडप, प्रत्येक नट बाईंनी फेसाने माखला. गॅस सुटत असेल तिथे फेसाचा बुडबुडा फुगतो. एका झडपेवर फुगा आला तेव्हा बाटलीताई दोन पावलं पुढे आली, पण तो वाऱ्याने आला होता आणि वाऱ्यानेच गेला.

वाटेत एका खोलगट जागी लोखंडी भांडं होतं. गॅस घुमटातून निघतो तेव्हा उबदार आणि दमट असतो, थंड नळीत त्याला घाम फुटतो, तो घाम या भांड्यात साचतो. जास्तीचं पाणी भांड्याखालच्या वाकड्या नळीतून जमिनीखालच्या गटारात जातं. सगळे त्याला घामाचं भांडं म्हणत. तिथली फरशी ओली होती आणि कडेला एक पत्र्याचा डबा पडला होता. बाईंनी भांड्याचेही सगळे जोड माखले. बुडबुडा नाही. चिमणीही मुकी.

"मीटर खोटं बोलत असेल," बाटलीताई एकदम म्हणाली. तिला रात्रभर हेच सुचलं होतं. "गॅस थंड झाला की आक्रसतो. घुमटापाशी ऊन, इंजिनापाशी गार. तोच गॅस तिथे कमी भरणार. म्हणजे काही हरवलंच नाही, बाई."

बाईंनी तिन्ही मीटर उघडून पाहिले. बाटलीताई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"डोकं चांगलं चालवलंस," बाई म्हणाल्या. "पण तिन्ही मीटर गारव्याची वजावट आपणहून करतात. गॅस खरोखरच गेलाय, पोरी. आणि नळीला कुठे भोकही नाही."

३

इंजिनखोलीत इंजिनदादा गॅसच्या नळीला जुनं ब्लँकेट गुंडाळत होता.

"काय दादा, नळीला सर्दी झाली का?" बाईंनी विचारलं.

"नळीला नाही, इंजिनाला. खोकतंय बाई. हिवाळाभर. रोज सकाळी मी चहा घेऊन बसलो रे बसलो की हे ठसकायला लागतं. दुपारपर्यंत आपोआप बरं व्हायचं, या आठवड्यात तर लगेच होतंय. माझ्या सासूचा दमा असाच होता."

"रोज?"

"सुट्टीच्या दिवशी मात्र शहाण्यासारखं वागतं. त्यालाही वार कळतो." तो हसला, मग बाटलीताईकडे पाहून त्याचं हसू आंबलं. "ताई, राग मानू नकोस. मशालजी माझे मित्र आहेत. पण लोक विचारतात, चोर बाहेरचा असता तर सुट्टीच्या दिवशी का नसता आला?"

बाईंनी बाटलीताईकडे हात पुढे केला. रोजच्या आकड्यांचा तक्ता तिच्यापाशीच होता. दोघींनी तिथेच इंजिनाच्या घरघरीत तो पसरला. दादा म्हणत होता ते खरं होतं. आठवडी सुट्टीच्या दिवशी जितका गॅस निघे, तितका पोचे. एक कणही कमी नाही. त्या दिवशी नळ्या बदली माणसाकडे असत आणि मशालजी घरी असत.

"अजून एक आहे," मागून साहेबांचा आवाज आला. ते कधी येऊन उभे राहिले कोणालाच कळलं नव्हतं. "शेवटचा आठवडा पाहा. तपासणी होणार अशी सूचना मी फळ्यावर लावली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गॅस हरवायचा थांबला. गळती सूचना वाचत नाही, बाई. माणूस वाचतो."

बाटलीताई पुन्हा तक्त्यावर वाकली. तिनेच भरलेले आकडे, आणि ते सगळे एका माणसाकडे बोट दाखवत होते.

साहेब वाईट माणूस नव्हते. पुढचं ते खालच्या आवाजात बोलले. "खरं सांगू का? चोर सापडला तर मला आनंदच होईल. गॅस पळवून कोणी जाळला असेल तर जळालेलाच धरायचा. आकडा नगण्य. गळालाय असं ठरलं तर अठ्ठावीस पट, आणि मग वरचे लोक घुमटच बंद करतील. इथल्या निम्म्या माणसांना घरी बसावं लागेल. हे मी सकाळी मशालजींनाही समजावून सांगितलं."

"काय समजावलंत?" बाईंनी मान वर केली.

उत्तर द्यायची वेळ आली नाही. दारात मशालजी उभे होते. उंच, वाळलेले, भुवया मशालीच्या झळांनी कायमच्या तांबूस झालेल्या. त्यांनी टोपी काढून हातात धरली. मुलीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"गॅस मी घेतला," ते म्हणाले. "नळी जोडून माझ्या खोलीत शेगडी पेटवायचो. सगळा जाळला. लिहून घ्या साहेब."

४

साहेबांनी लिहून घेतलं. मशालजींनी सही केली. बाटलीताई नुसतं "बाबा" एवढंच म्हणाली आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"चला तर," साबणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उलट उजळला होता. "शेगडी दाखवा."

मशालीच्या पायथ्याशी मशालजींची छोटी खोली. एक खाट, एक दिवा, कोपऱ्यात पितळी शेगडी. बाई खाली उकिडव्या बसल्या, शेगडीला बोट लावलं, उजेडात धरली.

"छान घासलीय."

"स्वच्छतेची आवड आहे मला."

"हिवाळाभर यात घुमटाचा गॅस जळत होता?"

"हो."

"मशालजी, घुमटाच्या कच्च्या गॅसमध्ये गंधक असतो. पितळ त्यात चार दिवस राहिलं तरी काळं पडतं. घासलं तर वरचं निघेल, भोकांच्या आतलं नाही. ही आतूनही सोन्यासारखी पिवळी आहे. यात साधा बाजारातला गॅस जळत होता." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आणि दुसरं. गेलेल्या गॅसवर आख्खी चाळ उबेला बसली असती. एवढी धग या खोलीत रोज पेटली असती तर तुमची ही खाट कधीच निखारा झाली असती."

मशालजींनी शेगडी पुन्हा कोपऱ्यात सरकवली.

"बरं, नळी कुठे जोडली होती?"

"तिकडे. झडपेच्या पुढे."

"कुठल्या?"

"दुसऱ्या... तिसऱ्या."

"मी सगळे जोड माखलेत. तिसऱ्या झडपेवरचा रंग केंद्र बांधलं तेव्हाचा आहे. तिथे कोणी पान्हासुद्धा लावलेला नाही."

साहेब दारात अस्वस्थ झाले होते. "बाई, माणूस स्वतः कबूल करतोय."

"तीच तर मजा आहे. चोरी न केलेला माणूस चोरी कबूल करतो. केंद्र वाचावं म्हणून? तुम्ही त्यांना सकाळी शिकवलंत, ते ठीक. पण तपासणीची सूचना लागताच गॅस हरवायचा थांबला, तो काही तुमच्या शिकवण्याने नाही. तेव्हा ह्यांनीच तो थांबवला. म्हणजे गॅस कुठून जातो हे ह्यांना ठाऊक होतं. मग सरळ सांगितलं का नाही? गळती सापडली म्हणून पाठ थोपटून घेतली असती." बाई मशालजींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. बाईंचं डोकं मशालजींच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हतं. "माणूस स्वतःची चूक झाकायला खोटं बोलतो, पण स्वतःला चोर म्हणवून घेत नाही. तेवढं मोठं खोटं तो दुसऱ्यासाठी बोलतो."

मशालजी खाटेच्या कडेवर बसले.

"आठवडी सुट्टीला तुम्ही घरी असता," बाई म्हणाल्या. "तुमच्याबरोबर आणखी कोण घरी असतं?"

मशालजींनी पटकन मुलीकडे पाहिलं. आणि बाई सावकाश बाटलीताईकडे वळल्या.

"पोरी, तू रोज सकाळी काय काय करतेस, ते मला जसंच्या तसं करून दाखवशील?"

५

दुसऱ्या दिवशी सकाळ फटफटली ती कडाक्याच्या थंडीत. अहवाल दुपारी जायचा होता. बाईंनी सगळ्यांना जागा नेमून दिल्या. साहेब मशालीच्या मीटरपाशी. इंजिनदादा इंजिनापाशी, चहासकट. मशालजींसाठी उघड्यावर एक खुर्ची मांडली.

"तुम्ही इथे बसायचं. काहीही झालं तरी उठायचं नाही."

"माझी कामं आहेत."

"आज तुमचं काम बसणं."

बाटलीताईने पेटी उचलली. रात्रभर ती पापणी मिटू शकली नव्हती. आपण काय करतो? बाटल्या भरतो. बाटल्या भरून कोणाचं काय जातं? बाई तिच्या मागोमाग चालत होत्या, चिमणी गळ्यात अडकवून.

येणाऱ्या पाण्याची बाटली भरली. काही झालं नाही. जाणाऱ्या पाण्याची भरली. काही नाही. गाळाची भरली, बोटं बधिर झाली, तरी काही नाही. बाटलीताईने मागे वळून पाहिलं. बाबा खुर्चीत ताठ बसले होते.

ती घामाच्या भांड्यापाशी आली. खाली वाकून वाकड्या नळीच्या बुडाचा नळ उघडला आणि नेहमीप्रमाणे मोठी बाटली लावली. पाणी भुळभुळ येऊ लागलं. नमुना चांगला यावा म्हणून ती नेहमी भांडं रिकामं होईपर्यंत पाणी घ्यायची. तिच्या कामात अर्धवटपणा नसायचा.

"बाबांकडे बघ," बाई हळूच म्हणाल्या.

मशालजी खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांची नजर बाटलीवर होती. हात खुर्चीच्या दांड्यावर आवळलेले. ते पत्र्याच्या डब्याकडे पाहत होते, आणि पुन्हा बाटलीकडे, आणि पुन्हा डब्याकडे, तापल्या तव्यावर उभं केल्यासारखे.

"बसा," बाई म्हणाल्या. ते बसले.

बाटली भरली. बाटलीताईने नळ बंद केला. शेवटी नळातून थोडी फसफस झाली, ती रोजच व्हायची. तिने बूच लावलं आणि उभी राहिली. काहीच झालं नव्हतं. तिच्या छातीवरचा दगड हलका होऊ लागला.

तेवढ्यात इंजिन खोकलं.

"बघा," आतून दादा ओरडला, "चहा तोंडाला लावला नाही तोच..."

बाटलीताईने मान वर केली. मशालीची ज्योत हातभर होती ती वीतभर झाली, निळी पडली, वाऱ्यावर लटपटली. मीटरपाशी साहेब ओरडले, "पडतोय, आकडा पडतोय."

"चल पोरी, पळ," बाई म्हणाल्या आणि स्वतःच रबरी बुटांनिशी धावत सुटल्या. पण नळ्यांकडे नाही, मशालीकडेही नाही. केंद्राच्या दुसऱ्या टोकाला, जिथे आख्ख्या शहराचं सांडपाणी येऊन पडतं त्या हौदाकडे. तिथे सदानकदा इतकी दुर्गंधी, की कोणी कामाशिवाय फिरकत नसे. केंद्राचं स्वतःचं गटारही तिथेच येऊन मिळायचं. बाईंनी त्या गटाराच्या तोंडाशी चिमणी धरली.

चिमणी चिवचिवली नाही. तिने सरळ बोंब ठोकली.

६

हौदाच्या कठड्यावर बाई धापा टाकत बसल्या होत्या आणि हसत होत्या. "मूर्ख मी. काल दिवसभर नळीच्या अंगाला साबण चोळत बसले. अंगाला भोक नव्हतंच. गॅस पोटातून गेला."

सगळे जमले होते. बाईंनी ओल्या मातीत काडीने भांडं काढलं, त्याखाली वाकडी नळी काढली.

"घरच्या मोरीखाली नळीला वाक असतो ना? त्यात पाणी तुंबून राहतं, म्हणून गटाराचा वास घरात येत नाही. इथे उलटं. वाकात पाणी आहे तोवर गॅस गटारात उतरू शकत नाही. पाणी हेच दार. बुडाचा नळ वाकाच्या तळाशी आहे, भांडं कोरडं केलं की वाकही कोरडा आणि दार सताड उघडं. मग घाम साचून वाक पुन्हा भरेपर्यंत, काही तास, गॅस गटारातून इथे. आणि इथल्या वासात तो कोणाच्या नाकाला कळणार? नवा नियम आला हिवाळ्याच्या तोंडाला. नमुना घेणं सुरू झालं तेव्हाच. इंजिनाचा खोकला सुरू झाला तेव्हाच. सुट्टीला नमुना नाही, खोकला नाही. हवेत किती गॅस जातो ते मोजायला घेतलं, आणि मोजणाऱ्या हातानेच दार उघडत होतं."

"म्हणजे मी इंजिनाला ब्लँकेट पांघरत होतो," दादा म्हणाला, "आणि आजार बाटलीत होता."

बाटलीताई वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू साहेबांकडे गेलीस त्यानंतर." इतक्या दिवसांत मशालजी पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होते. "ज्योत सकाळी का बसते, थंडीने बसत असेल, असंच मला वाटायचं. मग लक्ष ठेवलं. तू बाटली भरून गेलीस की बसायची. तू गेल्यावर डबाभर पाणी भांड्यात ओतलं, तर उभी राहिली. मग रोज ओतत गेलो."

"मला का नाही सांगितलंत? मला वाटलं तुम्ही रागावलात."

"रागावतोय कशाला. बोललो असतो तर तोंडून निघून गेलं असतं. आणि तुला कळलं असतं तर तू त्याच पावली साहेबांकडे गेली असतीस. मी ओळखतो ना तुला. त्या दिवशी साहेबांकडे गेलीस ती उड्या मारत, मी जिन्यापाशी पाहिलं. सापडलं, सापडलं, म्हणत होतीस. कधीपासून तुला एवढी आनंदात पाहिलं नव्हतं. ते तुझ्याच हातून झालंय, हे माझ्याच्याने सांगवेना."

साहेबांनी खिशातून कबुलीचा कागद काढला. तो उलगडत ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, कारण तर बंद होईल, आज-आत्ता. पुढच्या वर्षी गळती शून्य. हा एवढा कागद फक्त ठेवला, तर गेलेला गॅस जळालेला धरता येईल. घुमट वाचतील. मशालजींची तयारी आहे."

"आहे," मशालजी म्हणाले.

बाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. त्या ब्रशवरचा फेस झटकत होत्या. "मी गॅस जिथे गेला तिथे लिहिते. पण आकडे भरून सही करायची ती केंद्राच्या रसायनतज्ज्ञाने. माझी सही त्याच्या खाली."

सगळ्यांच्या नजरा बाटलीताईवर आल्या. तिला कुंपणाजवळ उभे असलेले कामगार दिसले, ज्यांनी आठवडाभर तिच्या बापाला पाठीमागे चोर म्हटलं होतं. ज्यांची घरं या घुमटांवर चालत होती. तिला बाबांची तांबूस भुवई दिसली.

"अहवालाचा कागद द्या," ती म्हणाली.

कठड्यावर कागद ठेवून ती उभ्या उभ्या लिहू लागली. हिवाळाभर गेलेल्या गॅसची बेरीज तिला तोंडपाठ होती. त्यातला मिथेन किती ते काढलं, अठ्ठावीसने गुणलं. आकडा एवढा लांब झाला, की रकान्याच्या बाहेर गेला. साहेबांनी डोळे मिटून घेतले. 'कारण' असं छापलेल्या जागी तिने लिहिलं, की गॅसच्या नळीतील पाण्याचा नमुना घेताना रसायनतज्ज्ञाने भांडं रोज रिकामं केलं, त्यामुळे गॅस गटारात गेला, चोरी झालेली नाही. खाली सही केली. मग कुंपणाकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली, "गॅस माझ्या हातून गेला. बाबांनी तो अडवला. ज्यांना जे बोलायचं ते आता मला बोला."

इंजिनदादा पुढे आला आणि मशालजींच्या पायाशी पडलेली त्यांची टोपी उचलून, फुंकर मारून, त्यांच्या हातात दिली.

बाईंनी अहवाल वाचला, पुन्हा वाचला आणि आपली सही केली. मग कागद उलटून मागच्या बाजूला दोन ओळी जोडल्या. साहेब मान वाकडी करून वाचू लागले. कारण सापडलं असून आजच दूर झालं आहे, कर्मचाऱ्यांनी ते स्वतःहून नोंदवलं आहे, घुमट चालू ठेवावेत अशी शिफारस.

"वरचे ऐकतील?" त्यांनी विचारलं.

"बावीस वर्षं हे करतेय. स्वतःच्या नावावर आकडा वाढवून लिहिणारं माणूस मी आज पहिलं पाहिलं. मी जाऊन सांगेन. मग बघते कसे ऐकत नाहीत."

साहेबांनी मान हलवली. मग हातातला कबुलीचा कागद त्यांना आठवला. "याचं काय करू? सही झालीय. मागे घ्यायची तर कारण द्यावं लागेल, मशालजी. काय लिहू?"

मशालजींनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

"लिहा, खोटं बोललो," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदाच बोललो, म्हणून नीट जमलं नाही."